दोन ठोक्यांच्या मधला उजेड

हसनाबादच्या उजेडाचा इतिहास माझ्या दुकानातल्या लाकडी खणांत पडून आहे. सगळ्यात खालच्या खणात व्हॉल्व्हच्या रेडिओतले अंगठ्याएवढे जाड कंडेन्सर आहेत, बाहेरचा कागद पिवळा पडलेले. त्यावरच्या खणात ट्रान्झिस्टरच्या जमान्यातले, निळ्या-काळ्या वेष्टनातले. हाताशी असलेल्या खणात आजचे : एलईडी बल्बमधले, करंगळीच्या पेराएवढे, अंगावर ४०० व्होल्ट असं छापलेले. गिऱ्हाईक दिवा आणून ठेवतं आणि म्हणतं, "फडफड करतोय, बघा जरा." मी तो उघडतो, डोकं फुगलेला कंडेन्सर काढतो आणि त्याच्या जागी कोणता घालायचा ते ठरवतो. एवढ्याशा निर्णयामागे गावाच्या विजेचा सगळा भूतकाळ उभा असतो. धरणांचे आणि वीजकेंद्रांचे इतिहास लिहिले गेले आहेत. तार घरात शिरल्यावर पुढे काय झालं, हे मात्र आम्हा दुरुस्तीवाल्यांनाच सांगावं लागेल.

हसनाबाद भोकरदन तालुक्यात, राजूरच्या गणपतीपासून जवळ. आज आमचा जिल्हा जालना, पण तो झाला १ मे १९८१ ला. त्याआधी आम्ही औरंगाबाद जिल्ह्यात होतो, आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाची वीज शहरांपुरती. खेड्यात रॉकेलची चिमणी, ज्याची ऐपत असेल त्याच्याकडे कंदील, आणि लग्नाकार्याला भाड्याने आणलेली गॅसबत्ती. कराडजवळ ओगलेवाडीला १९१६ साली काचेचा कारखाना निघाला आणि तिथला प्रभाकर कंदील महाराष्ट्रात घरोघर गेला. आजी संध्याकाळी राखेने कंदिलाची काच पुसायची, वात कातरायची. वाऱ्याने ज्योत हलायची, पण तेल बुडाशी साठलेलं होतं आणि वात ते सारखं वर ओढत होती. उजेडाला स्वतःचा साठा होता, हे मला त्या कंदिलाबद्दल आज विशेष वाटतं.

१ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्र झाला आणि त्याच वर्षी २० जूनला महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं. खेड्यांच्या विद्युतीकरणाला पैसा पुरवणारं ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ १९६९ चं. परळी वैजनाथचं औष्णिक केंद्र १९७१ ला सुरू झालं. पाठोपाठ १९७२ चा दुष्काळ पडला आणि विहिरीवर विजेची मोटार हवीच, हे शेतकऱ्याच्या मनात पक्कं बसलं. मराठवाड्यात वीज अशी दोन रूपांनी आली : विहिरीवर मोटार म्हणून आणि घरात पिवळा बल्ब म्हणून. दोघांची डीपी, म्हणजे वीज वाटणारा ट्रान्सफॉर्मर, एकच. छोट्या दिव्याच्या पुढच्या सगळ्या अडचणींचं मूळ या एकाच डीपीत आहे.

घरात आलेली वीज अखंड नव्हती, आजही नाही. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते आणि प्रत्येक आवर्तनात दोनदा शून्यावर येते. म्हणजे दिव्याला सेकंदाला १०० ठोके मिळतात आणि दर दोन ठोक्यांच्या मधे एक रिकामी जागा राहते. पिवळ्या बल्बने ती कुणाला दिसू दिली नाही. त्याची तार इतकी तापलेली असते की सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्यात ती निवत नाही, उजेड किंचितच कमी होतो आणि डोळ्याला कळत नाही. आम्ही ज्याला झिरोचा बल्ब म्हणायचो तो प्रत्यक्षात १५ वॅट खायचा, पण देवघरात रात्रभर स्थिर जळायचा. त्या काळी घरातल्या दिव्याला कंडेन्सरची गरज पडली नाही, याचं श्रेय त्या तापलेल्या तारेला.

ठोके डोळ्यांना प्रथम दिसले ते सायकलवर. टायरला घासून फिरणारा बाटलीच्या आकाराचा डायनॅमो ६ व्होल्ट, ३ वॅटचा असायचा. त्याची वीजही उलटसुलट वाहणारी, पण तिचे ठोके चाकाच्या वेगावर. उतारावर दिवा झगझगीत आणि स्थिर. चढाला, चिखलात, पायडल जड झालं की ठोके विरळ व्हायचे, बारीक तारेला मधल्या वेळात निवायला सवड मिळायची आणि उजेड थरथरायचा. राजूरच्या रस्त्याने रात्री सायकल हाकलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. वेगाने ठोके आले तर उजेड एकसंध वाटतो, सावकाश आले तर तुटतो. हा धडा माझ्या पिढीने पायांनी शिकला.

घरात ठोक्यांची जाणीव आधी कानाला झाली. रेडिओ सरळ, एका दिशेने वाहणाऱ्या विजेवर चालतो. तारेतून येणारी वीज उलटसुलट असल्यामुळे ती आधी एका दिशेला वळवायची, आणि मग ठोक्यांमधल्या जागा भरायच्या. पहिलं काम डायोडचं, दुसरं कंडेन्सरचं. या दोन्ही कामांचा उगम शोधत गेलं की एकाच माणसाचं नाव समोर येतं : कारोल पोलाक, पोलंडचा अभियंता. विजेच्या दोन्ही बाजूंचे ठोके एका दिशेला वळवणाऱ्या चार घटकांच्या जोडणीचं, म्हणजे आपण ज्याला ब्रिज म्हणतो त्याचं, पेटंट त्याने १८९५ च्या अखेरीस घेतलं. अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा अतिपातळ थर धरून कमी जागेत पुष्कळ साठा करणाऱ्या कंडेन्सरचं पेटंटही त्याचंच, लगेच पुढच्या एक-दोन वर्षांतलं. वीज साठवता येते, हे १७४५-४६ मध्ये क्लाइस्टने आणि हॉलंडात लायडनला मुशेनब्रुकने काचेच्या बरणीत दाखवलं होतं. पण बरणीतला साठा अगदी थोडका. पोलाकच्या युक्तीमुळे तो खिशात मावू लागला. माझ्या टेबलावर रोज हाताळली जाणारी चार डायोडची जोडणी आणि एक गोल डबी, ही दोन्ही त्याची देणगी आहे, आणि त्याचं नाव आमच्या धंद्यात घेतलं जावं असं मला मनापासून वाटतं.

मी हे काम जालन्याला शिकलो, एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात. आमचे उस्ताद संस्थानाच्या काळात वाढलेले. सुटे भाग हैदराबादच्या कोठी भागातून आणायचे, कारण त्यांची सगळी ओळखपाळख तिकडची. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याची तपकीर गल्ली आमच्याकडे नंतर आली. त्या दिवसांत ट्रान्झिस्टरला सेल परवडत नसत म्हणून लोक एलिमिनेटर घेत : छोटा ट्रान्सफॉर्मर, दोन नाहीतर चार डायोड आणि एक कंडेन्सर बसवलेली डबी. आत कंडेन्सर तोकडा असला की परभणी केंद्राच्या बातम्यांमागे सारखी घूं घूं. उस्ताद कान लावायचे आणि डबी न उघडता सांगायचे की चारही डायोड चालू आहेत की एखादा गेलाय. ब्रिज नीट असला की सेकंदाला १०० ठोक्यांची गुणगुण, एखादा डायोड तुटला की ५० ची, अधिक खर्जातली. मीटर नसलेल्या दिवसांतलं हे शास्त्र होतं, आणि ते बरोबर होतं.

त्यांचा ठोकताळा असा : अँपियरमागे दोन हजार एमएफडी. मायक्रोफॅरडला आमच्यात एमएफडीच म्हणतात. पण हा ठोकताळा शिकवून झाल्यावर ते लगेच म्हणायचे, "बाळा, आधी गिऱ्हाइकाचं घर पाहून ये, मग कंडेन्सर उचल." घर पाहायचं म्हणजे डीपी किती लांब, त्या लाइनवर मोटारी किती, वर पत्रा आहे की स्लॅब. मी हसनाबादला दुकान टाकलं ते हेच वाक्य घेऊन.

छोट्या दिव्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला तो भारनियमनाच्या काळात. जून २००५ मध्ये विद्युत मंडळाचं विभाजन होऊन महावितरण आलं. विजेची मागणी पुरवठ्याच्या फार पुढे गेली होती, आणि ग्रामीण महाराष्ट्रात त्या वर्षांत बारा-बारा तास वीज नसायची. शेतीसाठी तीन फेज ठरावीक तास, उरलेल्या वेळात सिंगल फेज. पुढे बऱ्याच ठिकाणी गावठाणाचे फीडर, म्हणजे घरांच्या लाइनी, मोटारींपासून वेगळे झाले. तीन फेजची मोटार दोन फेजवर ओढण्यासाठी लोक मोठमोठे कंडेन्सर लावत, आणि त्या ओढीने लाइनवरचं व्होल्टेज आणखी खाली जाई. दहावी-बारावीची मुलं अंधारात बसत. नेमकी याच वेळी पांढरी एलईडी बाजारात स्वस्त झाली. निळी प्रखर एलईडी जपानमध्ये शुजी नाकामुरांनी १९९३ साली बाजारात आणण्याजोगी केली, तिच्यावर पिवळा लेप देऊन पांढरी झाली, आणि अकासाकी, अमानो व नाकामुरा या तिघांना २०१४ चं नोबेल मिळालं. त्याच्या किती तरी आधी आमच्या गावात त्या एलईडी टॉर्चमधून काढून पत्र्याच्या डब्यावर, पाइपच्या तुकड्यावर, जुन्या कंदिलाच्या सांगाड्यात बसवलेल्या होत्या.

एलईडीने एक गोष्ट उघडी पाडली. तिच्यात तापून राहणारी तार नाही. ठोका आला की ती पेटते, ठोका गेला की त्याच क्षणी विझते. शिवाय पांढऱ्या एलईडीला पेटायला साधारण ३.२ व्होल्ट लागतात. त्याखाली ती जवळजवळ अंधारी, आणि वर थोडं गेलं की करंट भराभर वाढतो. पिवळ्या बल्बने पोटात घातलेली ती रिकामी जागा पुन्हा डोळ्यांसमोर आली. आता ती भरायला कंडेन्सर हवाच, आणि कोणता, हे आम्हाला ठरवायचं होतं.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी ते टँकरने समजावतो, कारण जालना जिल्ह्यात टँकर कुणाला नवा नाही. टँकर ठरावीक अंतराने येतो, घरात पाणी दिवसभर लागतं. मधल्या वेळाची सोय रांजण करतो. रांजण केवढा हवा, हे तीन गोष्टींवर ठरतं : दोन खेपांत अंतर किती, घरात खर्च किती, आणि पाणी कितपत खाली गेलेलं चालेल. कंडेन्सरचंही नेमकं तेच. दिव्याचा करंट घ्या, त्याला सेकंदाच्या ठोक्यांनी भागा, आणि व्होल्टेजमध्ये जेवढा चढउतार चालेल त्याने पुन्हा भागा. उत्तर फॅरडमध्ये येतं.

गोठ्यासाठी मी करून देतो तो दिवा घ्या. १२ व्होल्टचा छोटा ट्रान्सफॉर्मर, १एन४००७ चे चार डायोड, आणि दोन-दोन एलईडींच्या पाच रांगा, प्रत्येक रांगेला ४७० ओहमचा रेझिस्टर. रांगेत सुमारे २० मिलीअँपियर, सगळ्या मिळून १०० मिलीअँपियर, म्हणजे ०.१ अँपियर. ठोके १००. चढउतार एक व्होल्टच्या आत हवा. ०.१ भागिले १०० भागिले १ : ०.००१ फॅरड, म्हणजे १००० एमएफडी. ब्रिजऐवजी एकच डायोड लावला असता तर ठोके ५० झाले असते आणि २००० लागले असते. बाजारात त्याच्या वरचा आकडा २२०० मिळतो. डायोडचा खर्च वाचवायला जाऊन कंडेन्सर दुप्पट करायचा, हा व्यवहार बरा नव्हे. या सूत्रात थोडी सढळ सूट आधीच धरलेली आहे, कारण प्रत्येक ठोक्याचा काही भाग दिवा थेट तारेतूनच घेतो. पण अॅल्युमिनियमचा कंडेन्सर छापलेल्या आकड्यापेक्षा २० टक्के कमी भरू शकतो आणि म्हातारा होताना आणखी आटतो. म्हणून ती सूट मी कापत नाही.

मग मोठाच का नाही घालायचा, असं मुलं विचारतात. ४७०० घातला तर उजेड अधिक स्थिर होईल, पण डोळ्याला त्यातलं काही कळणार नाही. उलट रिकामा मोठा कंडेन्सर बटण दाबताक्षणी डायोडवर झडप घालतो. पुढेही तो ठोक्याच्या अगदी शेंड्यावर, थोड्याशा वेळात सगळा करंट ओढून घेतो, आणि छोटा ट्रान्सफॉर्मर विनाकारण तापतो. कामापुरतं आणि वर थोडं, इथे थांबावं.

एमएफडी ठरले की मुलांना वाटतं काम झालं. माझ्या मते खरं काम इथून पुढे आहे, आणि ते पुस्तकात बघून होत नाही. जुन्या भारतीय विद्युत नियम १९५६ प्रमाणे घरगुती पुरवठा ठरलेल्या व्होल्टेजच्या सहा टक्के वर-खाली, एवढ्याच मर्यादेत राहायला हवा होता. २३० धरलं तर २१६ ते २४४. लांब लाइनच्या शेवटच्या घरात हे गणित टिकत नाही. संध्याकाळी मोटारी चालू असताना मी १७० व्होल्ट मोजले आहेत, आणि मध्यरात्री मोटारी बंद झाल्यावर त्याच घरात २६०. तारेतून जितका जास्त करंट वाहतो तितकं व्होल्टेज वाटेत गळतं, आणि वाहायचा थांबला की टोकाला वर चढतं. आमच्याकडच्या दिव्याला या दोन्ही वेळा निभवायच्या असतात.

१७० ला माझा १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर ८.९ च देतो. ठोक्याचा शेंडा त्याच्या १.४१ पट, म्हणजे साडेबारा; डायोडमध्ये १.४ गेले की हाती ११.१. दोन एलईडींना ६.४ लागतात, म्हणून त्या पेटतात, उजेड निम्म्यावर येतो पण तुटत नाही. तीन-तीनच्या रांगा केल्या असत्या तर ९.६ लागले असते, दीडच व्होल्ट शिल्लक राहिलं असतं आणि दिवेलागणीला दिवा नुसता मिणमिणला असता. दोनची रांग हा निर्णय संध्याकाळच्या व्होल्टेजने करवून घेतलेला आहे.

आता मध्यरात्र. छोट्या ट्रान्सफॉर्मरवर भार नसला की १२ चा तो १४-१५ देतो. त्यात लाइन २६० वर. १५ चे झाले १७, आणि त्याचा शेंडा २४. एलईडींकडे जाणारी तार सुटली, दिवा बंद पडला आणि ट्रान्सफॉर्मर तसाच चालू राहिला, तर कंडेन्सरवर हे जवळपास २३-२४ व्होल्ट रात्रभर उभे राहतात. १२ व्होल्टचा दिवा म्हणून १६ व्होल्टचा कंडेन्सर घालणारे पुष्कळ आहेत. तो इथे फुगतो, कधी फुटतो. २५ चा अगदी काठावर. म्हणून मी ३५ व्होल्टचा घालतो. हजार एमएफडी, पस्तीस व्होल्ट : हसनाबादच्या गोठ्यातल्या दिव्याचं हे माझं उत्तर आहे, आणि शहरातल्या कुणाला ते उधळपट्टीचं वाटलं तर त्याने आमच्याकडे रात्री मीटर लावून पाहावं.

तिसरा आकडा उन्हाचा. कंडेन्सरच्या अंगावर ८५ किंवा १०५ अंश छापलेलं असतं. आतलं द्रव उष्णतेने आटत जातं. दहा अंश कमी झाले की आयुष्य साधारण दुप्पट होतं, असा या धंद्यातला सर्वमान्य नियम आहे. मराठवाड्याचा मे महिना, वर पत्रा, आणि बंद तोंडाचा बल्ब स्वतः तापलेला : आत ८५ अंश होणं अवघड नाही. २००० तासांचा ८५ अंशांचा कंडेन्सर तिथे २००० तासच टिकेल. रोज सहा तास दिवा लावला तर वर्षही पुरं होणार नाही. तेवढ्याच तासांचा १०५ अंशांचा घातला तर दोनदा दुप्पट, म्हणजे ८००० तास, साडेतीन वर्षांच्या वर. किमतीतला फरक फार थोडा. गरीब माणसाला स्वस्त भाग देऊन वर्षाने पुन्हा दारात उभं करणं मला पटत नाही.

५ जानेवारी २०१५ ला केंद्र सरकारची एलईडी वाटपाची योजना सुरू झाली, पुढे तिला उजाला हे नाव मिळालं, आणि पाहता पाहता आमच्या गावातून पिवळा बल्ब नाहीसा झाला. आता दुकानात येतात ते थेट २३० वर चालणारे बल्ब. त्यात ट्रान्सफॉर्मर नाही. लाइनचा शेंडा ३२५ व्होल्ट, रात्री ३७० च्या जवळ, म्हणून कंडेन्सर ४०० व्होल्टचा. ९ वॅटच्या बल्बला करंट ३० मिलीअँपियरच्या आसपास, त्यामुळे ४.७ एमएफडीसुद्धा काम भागवतो : चढउतार ६० व्होल्टच्या वर होतो, पण ३२५ मधून तेवढे गेले तरी एलईडींच्या लांब रांगेला पुरेसे उरतात. बाजारात सुट्या भागांतून जोडलेले असेही बल्ब आहेत ज्यांत हा कंडेन्सरच नाही. पैसा वाचतो, आणि दिवा सेकंदाला शंभरदा विझतो. ओळखायची खूण सोपी : मोबाइलचा कॅमेरा दिव्याकडे धरा, पडद्यावर आडवे काळे पट्टे सरकताना दिसले तर समजा.

हा केवळ डोळ्याच्या त्रासाचा प्रश्न असता तर मी इतका आग्रह धरला नसता. गोठ्यात कडबाकुट्टीचं यंत्र असतं. त्याची मोटार मिनिटाला १४४० फेरे मारते, म्हणजे सेकंदाला २४. मोटारीच्या पुलीला चार आरे असले तर सेकंदाला ९६ आरे डोळ्यासमोरून जातात. शंभरदा विझणाऱ्या दिव्याखाली ती पुली सेकंदाला एक फेरी उलटी, अगदी संथ फिरताना दिसते. प्रत्यक्षात ती भन्नाट वेगात असते. त्या संथपणावर विसंबून कुणी पट्ट्याजवळ हात नेला तर काय होईल, हे लिहायला नको. कडबाकुट्टीच्या वर लावायच्या दिव्यात कंडेन्सर आहे की नाही, हे प्रत्येक घराने तपासलं पाहिजे. मी त्या जागेसाठी बिनकंडेन्सरचा बल्ब विकत नाही, मागितला तरी.

आणि दुरुस्ती शिकणाऱ्यांसाठी दोन गोष्टी, ज्या उस्तादांनी मला पहिल्या दिवशी सांगितल्या. कंडेन्सरचं पांढरा पट्टा असलेलं टोक वजा. उलटा जोडला तर फुटतो. आणि बल्ब होल्डरमधून काढला म्हणून आतली वीज गेली असं समजू नका. ४०० व्होल्टच्या कंडेन्सरमध्ये ३२५ व्होल्ट बसून असू शकतात. रेझिस्टर लावून तो रिकामा करा, मीटरने खात्री करा, मग हात घाला.

आता काळ पुन्हा बदलतो आहे. जिल्ह्यात सौर कृषिपंप वाढत आहेत. सौर पॅनेलची वीज एकाच दिशेने वाहते, तिला ठोके नाहीत. तिच्यावर दिवा लावायचा तर शतांश सेकंदाऐवजी सबंध रात्र भरून काढावी लागते, आणि ते काम बॅटरीचं. तारेवरच्या मोटारींनाही स्टार्टरजवळ योग्य मापाचा कंडेन्सर बसवा असं महावितरण शेतकऱ्यांना सांगत असतं, आणि ते योग्य आहे : त्याने मोटार लाइनमधून कमी करंट ओढते, वाटेतली गळती घटते आणि त्याच डीपीवरच्या घरातला दिवा संध्याकाळी सावरतो. शेजारच्या विहिरीवरच्या कंडेन्सरचा आपल्या देवघरातल्या उजेडाशी असा थेट संबंध आहे, हे गावात फार थोड्यांना माहीत आहे.

मी दुकानात एक वही ठेवतो. तारीख, वेळ, कुठली आळी, किती व्होल्ट, आणि दिव्यातला कोणता भाग गेला. एवढी वर्षं ती भरत आल्यावर माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली आहे : एलईडींची रांग संध्याकाळ ठरवते, कंडेन्सरचे व्होल्ट मध्यरात्र ठरवते आणि अंश मे महिना ठरवतो. तीनही वेळा त्या त्या गावच्या असतात. हसनाबादचं उत्तर जालना शहराला लागू पडेलच असं नाही, आणि डीपीला खेटून असलेल्या घराचं उत्तर मळ्यातल्या घराला तर नाहीच. म्हणून प्रत्येक गावातल्या दुरुस्तीवाल्याने अशी वही ठेवावी, असं माझं सांगणं आहे. रेडिओची गुणगुण ओळखणारे कान उस्तादांबरोबर गेले. त्यांनी काय ऐकलं हे कुठेही लिहिलेलं नाही. गावाला वीज कशी मिळाली याचा पुरावा आपल्याच हातून रोज जातो. तो लिहून ठेवला तर पुढचा माणूस पहिल्या दिवसापासून योग्य भाग उचलेल, आणि त्याच्या गिऱ्हाइकाच्या घरात एक दिवा कमी बंद पडेल.